तीन चेंडू, दोन हात

वर फेकलेल्या चेंडूची गणितं अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनीच सोडवली आहेत. वेग दिलेला असतो, उंची काढायची असते. किंवा उंची दिलेली असते, वेळ काढायचा असतो. सूत्रात किंमती टाकायच्या, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, की झालं. तो चेंडू पुढे खाली आला का, आणि कुणी झेलला का, हे पेपरात कधी विचारत नाहीत.

जगलिंगचा खेळ नेमका तिथून पुढे सुरू होतो. हात दोन आणि चेंडू तीन, चार, पाच. एकही खाली पडू द्यायचा नाही. पाहणाऱ्याला वाटतं की हा सगळा हाताच्या चपळाईचा खेळ आहे. हात इतके जोरात चालतात की आपल्याला दिसतच नाहीत, असंही काही जण सांगतात. पण एकदा नीट पाहिलं आणि थोडं गणित मांडलं, की लक्षात येतं की गोष्ट बरीचशी उलटी आहे. चांगल्या जगलरचे हात निवांत असतात. त्याने वेळ दुसरीकडून मिळवलेला असतो. तो कुठून मिळवतो, हे समजून घेणं हाच या लेखाचा विषय आहे.

शाळेच्या मैदानावरचा खेळ

देऊळगाव राजा हे बुलडाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या शेजारचं. विदर्भ इथे संपत येतो आणि पुढे जालना लागतं. आश्विनात आमच्याकडे बालाजी महाराजांची मोठी यात्रा भरते. यात्रेच्या आगेमागे पाळणेवाले, खेळणीवाले येतात, तसे खेळ करणारेही येतात. यात्रेतली गर्दी ओसरली की त्यांच्यातले काही जण आजूबाजूच्या शाळांमध्ये जाऊन हेडसरांना विचारतात. परवानगी मिळाली की शनिवारच्या सकाळच्या शाळेत तासाभराचा कार्यक्रम होतो. प्रत्येक मुलाने दोन रुपये आणायचे, बाकी शाळा काय देईल ते.

मी पाचवीत असताना असाच एक खेळ आमच्या शाळेत झाला. पन्नाशीचे एक गृहस्थ, सोबत ढोलकं वाजवणारी त्यांची बायको आणि एक पत्र्याची पेटी. आम्ही पोरं रांगेत बसेपर्यंत त्यांनी मैदानाला एक फेरी मारली. जागा दोनदा बदलली. शेवटी कडुनिंबापासून लांब, सूर्य पाठीशी येईल असे उभे राहिले. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता कळतं की तो सगळा सर्व्हे चालला होता. वर पाहताना डोळ्यांवर ऊन येता कामा नये आणि चेंडूच्या वाटेत फांदी येता कामा नये.

चेंडूही साधे नव्हते. कापडाचे, आत वाळू भरून शिवलेले, मुठीत बसतील एवढे. एका मुलाने विचारलं, रबरी का नाही घेतले? ते म्हणाले, "रबरी पडला की पळते. हा पडला की बसते." मटेरियल सिलेक्शनचं इतकं थोडक्यात दिलेलं उत्तर मी नंतर कुठल्याच व्हायव्हात ऐकलं नाही.

मग ढोलकं वाजू लागलं आणि तीन चेंडू हवेत गेले. तीनाचे चार झाले. चार झाल्यावर एक गंमत झाली. तीन असताना चेंडू या हातातून त्या हातात जात होते. चार झाल्यावर उजव्याचे उजव्यातच आणि डाव्याचे डाव्यातच राहिले. आम्ही ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो. आणि तेवढ्यात परतीचा पाऊस भुरभुरला. सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात घेतलं आणि म्हणाले, "इथेच करा बाकीचं." त्यांनी मान वर करून व्हरांड्याच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुर्जी, इथं चारच होतीन. पाचाले आभाळ लागते."

सर हसले. आम्हीही हसलो. पण हे वाक्य विनोदाचं नव्हतं. ते एक इंजिनिअरिंगचं विधान होतं, आणि त्याचं गणित पुढे मांडता येतं.

उंची म्हणजे वेळ

आधी एकच चेंडू घेऊ. तो फेकला आणि त्याच उंचीवर परत झेलला, तर हवेत घालवलेला काळ आणि त्याने गाठलेली उंची यांचं नातं सोपं आहे:

उंची = ग × उ² ÷ ८

यात 'उ' म्हणजे उड्डाणाचा काळ सेकंदात आणि 'ग' म्हणजे ९.८. अर्धा सेकंद हवेत ठेवायचा तर चेंडू ३१ सेंटिमीटर वर गेला पाहिजे. एक सेकंद ठेवायचा तर १ मीटर २३ सेंटिमीटर. दोन सेकंद ठेवायचा तर ४ मीटर ९० सेंटिमीटर. वेळ दुप्पट, उंची चौपट. जगलर हवेतला वेळ विकत घेतो असं म्हटलं, तर त्याची किंमत उंचीत मोजावी लागते, आणि भाव वर्गाच्या पटीत चढतो.

आता प्रश्न असा, की किती चेंडूंना किती वेळ लागतो? याचं सूत्र क्लॉड शॅनन यांनी दिलं. नाव ओळखीचं वाटेल. १९४८ साली इन्फर्मेशन थिअरीचा पाया घालणारे तेच हे शॅनन (१९१६–२००१). एमआयटीत असताना त्यांना जगलिंगचा भारी नाद होता. लहान मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या सुट्या भागांपासून त्यांनी चेंडू खेळवणारं एक यंत्रही बनवलं होतं. ते लोखंडी गोळ्या खाली ताणलेल्या चामड्यावर आपटून परत झेलत असे. त्यांचं सूत्र आपल्या अक्षरांत लिहायचं तर असं:

(उ + ध) × ह = (र + ध) × च

'उ' हा उड्डाणाचा काळ. 'ध' म्हणजे चेंडू हातात धरलेला असतो तो काळ. 'र' म्हणजे एक चेंडू सुटल्यावर दुसरा येईपर्यंत हात रिकामा असतो तो काळ. 'ह' म्हणजे हात आणि 'च' म्हणजे चेंडू.

सिद्धता इतकी सोपी आहे की मेसच्या टेबलावर सांगता येईल. सगळ्या हातांना सगळे चेंडू पाळीपाळीने भेटतात असं समजा. एका चेंडूच्या नजरेने पाहिलं तर तो प्रत्येक हातात 'ध' इतका वेळ बसतो आणि मग 'उ' इतका वेळ उडतो. सगळे हात फिरून यायला त्याला (उ + ध) × ह इतका वेळ लागतो. आता एका हाताच्या नजरेने पाहा. तो प्रत्येक चेंडू 'ध' इतका वेळ धरतो आणि मग 'र' इतका वेळ रिकामा राहतो. सगळे चेंडू एकदा हाताळून व्हायला त्याला (र + ध) × च इतका वेळ लागतो. फेरी एकच आहे, म्हणून दोन्ही सारखे. चार आणि त्याहून जास्त सम चेंडूंत हात अदलाबदल करत नाहीत. तिथे प्रत्येक हाताचा हिशेब वेगळा मांडायचा, उत्तर तेच येतं.

किंमती टाकून बघू. आरामात खेळणाऱ्या माणसाचा धरण्याचा काळ ०.३५ सेकंद आणि हात रिकामा राहण्याचा काळ ०.२५ सेकंद मानू. मग हिशेब असा येतो:

३ चेंडू : उड्डाण ०.५५ सेकंद, उंची ३७ सेंटिमीटर
४ चेंडू : उड्डाण ०.८५ सेकंद, उंची ८९ सेंटिमीटर
५ चेंडू : उड्डाण १.१५ सेकंद, उंची १ मीटर ६२ सेंटिमीटर
७ चेंडू : उड्डाण १.७५ सेकंद, उंची ३ मीटर ७५ सेंटिमीटर

ही उंची हातापासूनची आहे. हात जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. म्हणजे चार चेंडूंचं टोक जमिनीपासून १ मीटर ९० सेंटिमीटरवर, आणि पाचाचं २ मीटर ६० सेंटिमीटरच्या थोडं वर. शाळेच्या व्हरांड्याचा पत्रा पुढच्या बाजूला आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २ मीटर ४४ सेंटिमीटरवर असेल, तर चार बसतात आणि पाचवा पत्र्याला लागतो. "पाचाले आभाळ लागते" याचा अर्थ एवढा सरळ आहे.

कुणी म्हणेल, हात भराभर चालवले तर? जरूर चालतं. धरण्याचा काळ ०.३० आणि रिकामा काळ ०.१५ सेकंदांवर आणला, तर पाच चेंडूंना ८३ सेंटिमीटर उंची पुरते. म्हणजे दोनच वाटा आहेत: एक तर उंच फेका, नाहीतर हात जलद चालवा. पण हात कितीही चपळ असले तरी धरायला आणि फेकायला काही वेळ लागतोच, तो शून्य होत नाही. उंचीला मात्र आभाळ मोकळं असतं. म्हणून चेंडू वाढले की जगलर आधी उंचीकडे वळतो.

एका अंशाची चूक

मग उंच फेकत जायचं आणि पाचाचे सात, साताचे नऊ करायचे, असं का होत नाही? कारण उंचीबरोबर चूकही वाढते.

समजा, फेकताना हाताचा कोन फक्त एका अंशाने चुकला. जवळपास सरळ वर फेकलेला चेंडू मग किती बाजूला पडेल? हिशेब केला तर उंचीच्या चौपटीला त्या कोनाने, म्हणजे रेडियनमधल्या ०.०१७५ ने गुणायचं. तीन चेंडूंच्या उंचीला ही चूक २.६ सेंटिमीटर येते. तळहात यापेक्षा मोठा असतो, चेंडू आपोआप हातात बसतो. पाच चेंडूंना तीच चूक ११ सेंटिमीटर होते, तळहाताच्या बाहेर. सात चेंडूंना २६ सेंटिमीटर; तिथे हात पळवावा लागतो. आणि हात पळवला की पुढची फेक आणखी वाकडी जाते. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर चूक फीडबॅकमध्ये शिरते आणि वाढत जाते.

म्हणून तीन चेंडू काही दिवसांत येतात, पाचाला महिने आणि कित्येकांना वर्षं लागतात. इटलीच्या एन्रिको रास्तेली (१८९६–१९३१) याच्यासारखा माणूस दहा चेंडूंपर्यंत पोहोचला, पण त्यासाठी त्याने सगळं आयुष्य यातच घातलं. तिनावरून पाचावर जाताना चेंडू फक्त दोन वाढतात. उंची मात्र चौपटीहून जास्त होते आणि चुकीची मुभा तितक्याच पटीने कमी होते.

डोळे कुठे असतात?

खेळ बघताना आपण सगळे हातांकडे बघतो. खेळणारा मात्र हातांकडे बघतच नाही. त्याची नजर समोर, थोडी वर, चेंडू जिथे टोक गाठून वळतो तिथे असते. टोकाला चेंडूचा वेग जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तो तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. एकदा टोक कळलं की तो कुठे आणि कधी पडणार हे ठरून गेलेलं असतं. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि ते कधी चुकत नाही.

एमआयटीत हॉवर्ड ऑस्टिन यांनी १९७० च्या दशकात याचा एक सुंदर प्रयोग केला होता. खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्यांनी पंख्याच्या आकाराचा पडदा धरला, म्हणजे हात आणि चेंडूची बहुतेक वाट झाकली जाईल आणि फक्त टोक दिसेल. तरबेज होत आलेल्या माणसांना टोकाचा इंचभर भाग दिसला तरी पुरत होता. तेवढ्या माहितीवर ते चेंडू झेलत राहिले.

आणि हे शिकताना आपल्या आतही काहीतरी बदलतं. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात जर्मनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. जगलिंग न येणाऱ्या २४ जणांपैकी निम्म्यांना तीन महिने तीन चेंडू खेळवायला शिकवलं. त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा आधी आणि नंतर घेतल्या, तर हलणाऱ्या वस्तू पाहण्याशी संबंधित भागातलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. पुढचे तीन महिने सराव बंद ठेवला, तर ते बरंचसं परत कमी झालं. न शिकलेल्या निम्म्यांत काहीच फरक पडला नव्हता. सबमिशनच्या आदल्या रात्री सेमिस्टर वाचणाऱ्यांनी या अभ्यासातून काय तो बोध घ्यावा.

ढोलक्याचे ठोके आणि आकडे

चार चेंडू झाल्यावर ते आपापल्या हातात का राहतात, हे कोडं अजून राहिलं आहे. त्यासाठी ढोलक्याकडे लक्ष द्यायला हवं.

प्रत्येक ठोक्याला एक फेक. उजवा, डावा, उजवा, डावा, असा हातांचा क्रम पक्का. तीन चेंडू असतील तर आज फेकलेला चेंडू पुन्हा फेकायची पाळी तीन ठोक्यांनी येते. पहिल्या ठोक्याला उजव्याने फेकला, तर चौथ्या ठोक्याला डाव्याची पाळी असते. म्हणून तो डाव्यातच यायला हवा. चार चेंडू असतील तर पाळी पाचव्या ठोक्याला येते आणि तो ठोका उजव्याचाच असतो. म्हणजे विषम संख्येला चेंडू हात बदलतात, समेला बदलत नाहीत.

याच कल्पनेतून १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया आणि केंब्रिज इथल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जगलिंगची लिपी तयार केली. प्रत्येक फेक किती ठोक्यांनी परत येणार, तेवढा आकडा लिहायचा. साधे तीन चेंडू म्हणजे ३, ३, ३. पण ५, ३, १ असंही खेळता येतं आणि ४, ४, १ असंही. आकड्यांची सरासरी काढली की चेंडूंची संख्या मिळते. दोन्हीकडे ती ३ आहे.

मग ४, ३, २ चालेल का? सरासरी ३ आहे. पण नीट बघा. ठोका शून्यला ४ फेकला, तो ठोका ४ ला येणार. ठोका १ ला ३ फेकला, तोही ४ ला. ठोका २ ला २, तोही ४ ला. तिन्ही चेंडू एकाच वेळी एकाच हातावर! सरासरी बरोबर असूनही खेळ अशक्य. वेळापत्रकात एकाच तासाला एकाच वर्गात तीन सर आले तर जे होतं, तेच. कॉम्प्युटरवाल्यांना हे शेड्युलिंगसारखं वाटेल आणि ते तसंच आहे. प्रोसेसर एक, कामं अनेक. एक काम डिस्कची वाट बघत थांबलं की प्रोसेसर दुसरं हातात घेतो. हवेतला चेंडू म्हणजे वाट बघणारं काम.

रोनाल्ड ग्रॅहम हा मोठा गणिती जगलर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्षही होता. त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ साली अशा क्रमांची मोजदाद प्रसिद्ध केली. तीन आकड्यांचे आणि जास्तीत जास्त तीन चेंडूंचे शक्य क्रम किती? नेमके ४ × ४ × ४, म्हणजे ६४. इतक्या गुंत्यातून इतकं स्वच्छ उत्तर निघतं, हेच मोठं नवल.

खेळ जुना, खेळणारे उपरे

हा खेळ कुठूनतरी बाहेरून आला असं समजू नये. इजिप्तमधल्या बेनी हसन इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या भिंतीवर चेंडू खेळवणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. आपल्याकडे तर घराघरांत त्याचा एक भाऊबंद आहे, तो म्हणजे सागरगोटे. एक वर फेकायचा, तो हवेत असेपर्यंत खालचे उचलायचे आणि परत येणारा झेलायचा. हवेतल्या वेळात जमिनीवरचं काम उरकायचं. तत्त्व अगदी तेच. आपल्या आज्या हे सूत्राशिवाय शिकल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातले काही कलावंत लंडनला गेले. त्यांच्यातला रामो सामी तिथे खूप गाजला. विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने १८२१ च्या आपल्या पुस्तकात भारतीय जगलर्सवर एक अख्खा निबंध लिहिला. चार पितळी गोळे लीलया खेळवणारा माणूस पाहून त्याला आपल्या लेखनाची लाज वाटली. इतकं निर्दोष आपण काहीच करू शकत नाही, असं त्याने मोकळेपणी मान्य केलं. रामो सामी १८५० मध्ये लंडनमध्येच वारला. तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या बायकोला लोकांकडे मदत मागावी लागली.

महाराष्ट्रात २० मार्च १८८० रोजी विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कसचा पहिला खेळ मुंबईत झाला आणि अशा कसरतींना तंबू आणि तिकीट मिळालं. पण तंबूबाहेरचे राहिले ते बाहेरच राहिले. कोल्हाटी म्हणजे डोंबारी, खेळकरी गोपाळ, गारुडी, बहुरूपी ही नावं आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत सापडतात. गावोगाव फिरून खेळ दाखवणं हाच त्यांच्यापैकी अनेकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता.

आणि इथे एक गोष्ट आपण माहीत करून घ्यायला हवी. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या आहे. सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणं त्या व्याख्येत येतं. पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्या माणसाला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद त्यात होती. हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता; २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्यापुरती त्याची अनेक कलमं घटनाबाह्य ठरवली. म्हणजे विचार करा. तेच पाच चेंडू, तीच उंची, तीच अचूकता. तिकीट लावून रंगमंचावर केलं तर कला, शाळेत केलं तर कार्यक्रम, आणि बसस्टँडसमोर चादर अंथरून केलं तर भीक. फिजिक्समध्ये जागा बदलली म्हणून 'ग' ची किंमत इतकी बदलत नाही.

होस्टेलमध्ये शिकायचं असेल तर

वाचून हात शिवशिवत असतील, तर थोडक्यात पद्धत सांगतो. तीन जोड्या मोजे घ्या, धुतलेले असतील तर उत्तम, आणि त्यांचे घट्ट गोळे करा. हे पडले की बसतात, पळत नाहीत. कॉटसमोर उभे राहा, म्हणजे दर वेळी जमिनीपर्यंत वाकावं लागणार नाही.

पहिल्या दिवशी एकच गोळा. उजव्यातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात. टोक दर वेळी डोळ्यांच्या थोडं वर, एकाच उंचीला आलं पाहिजे. हे कंटाळवाणं आहे, पण सगळी इमारत यावरच उभी राहते. मग दोन. पहिला टोकाला पोहोचला की दुसरा फेकायचा, आधी नाही. दोन्ही फेकायचे आहेत. दुसरा गुपचूप हातात सरकवायचा नाही. हे जमलं की तिसरा. ज्या हातात दोन आहेत त्यापासून सुरुवात. झेलण्याची काळजी करू नका. फेक बरोबर असेल तर गोळा स्वतःच हातात येतो. पावलं पुढेपुढे जात असतील तर भिंतीकडे तोंड करून उभे राहा.

चार झाल्यावर मात्र खोलीबाहेर पडा. पाचाचं टोक जमिनीपासून अडीच मीटरच्या वर जातं, आणि होस्टेलच्या खोलीत त्याच उंचीला पंखा असतो. पुढचा हिशेब रेक्टर सरांना द्यावा लागेल.

एक विनंती

शेवटी एक विनंती, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांनाही. दरवर्षी स्नेहसंमेलनात साउंड सिस्टिमवर आपण किती खर्च करतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातला छोटा हिस्सा बाजूला काढून असा एखादा कलावंत मानधन देऊन बोलवावा. स्टेजवरचा फिलर म्हणून नव्हे, टेक्निकल इव्हेंटमध्ये. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने त्यांचा खेळ टिपावा. धरण्याचा काळ, रिकामा काळ, उड्डाणाचा काळ मोजावा आणि शॅननचं समीकरण किती बरोबर येतं ते त्यांच्यासमोरच फळ्यावर मांडावं. मग त्यांना विचारावं की फेक चुकली हे त्यांना कधी कळतं, ढोलकं थांबलं तर काय होतं, नवीन पोराला ते पहिल्या दिवशी काय शिकवतात. या प्रश्नांची उत्तरं आपल्या पुस्तकात नाहीत.

आणि पुढच्या अंकात त्यावर लेख आला, तर त्यावर लेखकांमध्ये पहिलं नाव त्यांचं असावं.